आजीचा शनिवार : अलिबागच्या इस्रायल आळीतल्या धाकट्या बाई

ओटीवरची

आजीला जाऊन लवकरच वर्ष होईल. घरातले सगळे म्हणतात, तू लिहितेस तर तिच्याबद्दल लिही. इथे आजी-आजोबांवरचे धागे मी आवडीने वाचते, म्हणून इथेच लिहिते आहे. जमेल तसं, आठवेल तसं.

आमची आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे आम्ही नवगावचे, अलिबागजवळ थळच्या शेजारी आहे ते. आमची परंपरा सांगते की दोनेक हजार वर्षांपूर्वी तिथे जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना पुरलं त्या जागी आज स्मारक आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडपाठ उरली ती 'शेमा इस्रायल' एवढी एकच प्रार्थना. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद आणि बैल मोकळा, म्हणून आसपासची गावं त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागली. आडनावंही गावांचीच लागली : किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर.

आजीचा जन्म १९३१ चा, माहेर पोयनाडचं. फायनलची (मराठी सातवीची) परीक्षा पास होऊन ती कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ सालचं) प्राथमिक शाळेत लागली. आधी लोकल बोर्ड, मग १९६२ ला जिल्हा परिषद आली. नोकरीची बहुतेक वर्षं खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एकाच गावात गेली. शाळेत दोन शिक्षिका. एक मोठ्या बाई, त्या आजीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. दुसरी आजी, ती धाकट्या बाई. गाव दोघींना याच नावांनी ओळखायचं. आजी निवृत्त झाली, आजोबा गेले, नातवंडं झाली, तरी बाजारात कोणीतरी हाक मारायचंच, "अहो धाकट्या बाई!"

आता शनिवारचं सांगते, कारण आजीचं सगळं आयुष्य मला त्यातच दिसतं.

शुक्रवारी दिवेलागणीला आमचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्यात काम नाही, चूल नाही, लिहिणंसुद्धा नाही. आणि शाळेला तर शनिवारी सकाळी वर्ग! नोकरी धरली तेव्हा आजीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोटासाठी देवाने माफ केलंय, जा." आजी पहिले काही शनिवार गेलीही. मोठ्या बाईंच्या लक्षात आलं की ही शनिवारी खडू हातात घेत नाही, पोरांकडून पाढे म्हणून घेते आणि चेहरा उतरलेला असतो. त्यांनी विचारलं, आजीने सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग सांगितलं का नाहीस? माझा सोमवारचा उपास असतो, दुपारनंतर माझं डोकं उठतं. सोमवारी दुपारी माझी पोरं तू सांभाळ, शनिवारी तुझी मी सांभाळते." हेडमास्तरांना दोघींनी मिळून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मोठ्या बाई निवृत्त होईपर्यंत हा रिवाज चालू होता. शनिवारी दोन्ही वर्ग मोठ्या बाईंच्या ओट्यावर, सोमवारी दुपारी दोन्ही वर्ग आजीच्या.

मोठ्या बाई शिवभक्त. श्रावणात कनकेश्वरच्या पायऱ्या चढायच्या, तेव्हा आजी पायथ्याशी मापगावला ओळखीच्या घरी थांबून त्यांची वाट पाहायची. देवळात जायची नाही, पण खाली लिंबाचं सरबत करून ठेवायची. मोठ्या बाईंनी तिला कधी "वर चल" म्हटलं नाही. आजीनेही त्यांना कधी मशिदीत यायचा आग्रह केला नाही. (आमच्या प्रार्थनामंदिराला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात.) पण मोठ्या बाईंना आमचे सण पाठ होते. अनाशी ढाकण्याच्या सणाआधी, म्हणजे आठ दिवस घरात आंबवलेलं, खमिराचं काही ठेवायचं नाही त्या सणाआधी, घराला चुना आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई व्हायची. कल्हईवाला आधी मोठ्या बाईंकडे यायचा आणि त्या त्याला सांगायच्या, "धाकट्या बाईंची भांडी पहिली कर, त्यांचा सण जवळ आलाय, माझी नंतर."

दुसरी मैत्रीण अलिबागच्या कोळीवाड्यातली. आम्ही खवलं आणि पर असलेलेच मासे खातो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, शिंगाळा, मुशी यातलं काही चालत नाही. मावशी टोपली घेऊन आळीत शिरली की लांबूनच ओरडायची, "आज तुजे कामाचा काय नाय गो बाय, सगली कोलबीच हाय!" रावस मिळाला तर मात्र दुसऱ्या कुणाला टोपलीत हात घालू द्यायची नाही. आजी तिच्या नातवंडांचं लिहिणं-वाचणं करून घ्यायची. दोघींचा पैशांचा हिशोब कधी पुरा झाला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यावरून कधी शब्दही झाला नाही.

शुक्रवारी आजीची पद्धत अशी. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, शुक्रवारी त्या हाताने कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळून सरबत करायचं. द्राक्षाच्या दारूऐवजी त्याच सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. फडकं पिळताना ती तोंडाने हिब्रू ओळी म्हणायची आणि मधेच मराठीत "बंड्या, मांजर हाकल" म्हणायची. माझ्या कानात ती प्रार्थना अजून तशीच आहे, मांजरासकट.

आणि मलिदा. एलियाहु हनाबीच्या, म्हणजे एलियाहु प्रेषिताच्या, नावाने आम्ही नवस बोलतो. लग्न ठरलं, बाळ झालं, घर घेतलं, आजारी माणूस उठून बसलं की मलिदा. पोहे धुवून त्यात ओला नारळ, गूळ, वेलची, बदाम. ताटात शीग लावायची, भोवती फळं मांडायची. झाडावरच्या फळाला वेगळा आशीर्वाद, केळ्याला जमिनीतलं फळ म्हणून वेगळा, सब्जाची डहाळी हुंगताना वासाचा वेगळा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, त्यावर एलियाहुच्या घोड्याची टाप आणि रथाच्या चाकाची खूण आहे असं आम्ही मानतो. आजी चालतं होतं तोवर दर वर्षी तिथे गेली.

ती एक गोष्ट हमखास सांगायची. मुंबईत मांडवीला बेने इस्रायलांची पहिली मशीद आहे, शाअर हाराहामिम, १७९६ सालची. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. टिपूच्या आईने त्यांची जात विचारली. ते 'बेने इस्रायल' म्हणाले. तिला कुराणातलं ते नाव आठवलं आणि तिने लेकाला सांगून त्यांचा जीव वाचवला. सुटलो तर देवाचं घर बांधीन हा त्यांचा नवस होता, तो त्यांनी फेडला. परंपरेने आलेली गोष्ट आहे. आजी ती सांगताना टिपूबद्दल आणि दिवेकरांबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि त्या आईबद्दल दहा.

१९४८ नंतर आमची माणसं इस्रायलला जायला लागली. आळीतली घरं एकेक करून बंद झाली. तिकडे गेलेल्यांनाही सुख लगेच मिळालं नाही. "तुम्ही खरे ज्यू का?" असं तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, लग्नं अडली, लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत. आजीच्या भावाची त्या काळातली पत्रं मी पाहिली आहेत. रागाने अक्षर कागदाबाहेर गेलंय.

आजीचे दोन मुलगे, म्हणजे माझे काका, इस्रायलमधल्या आशदोदला गेले. बाबा राहिले. निवृत्तीनंतर काकांनी आजीला कायमचं राहायला बोलावलं. ती गेली, काही महिने राहिली आणि परत आली. सगळ्यांनी कारण विचारलं. हवा मानवली नाही, असं ती सांगायची. मला एकदाच खरं म्हणाली, "तिकडे शनिवार आपोआप येतो गं. गाड्या बंद, दुकानं बंद, सगळं गावच शनिवार पाळतं. मला छान वाटलं. पण इथला माझा शनिवार मोठ्या बाईंनी राखलाय. त्या इथे असताना मी तिकडे बसून कशी पाळू?"

शेवटच्या वर्षांत तिला एकच घोर होता, दहा पुरुषांचा. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. अलिबागची मागेन अबोथ मशीद १८४८ ची, पुढे १९१० साली नव्याने बांधलेली. एके काळी तिथे सणाला बसायला जागा मिळत नसे. आता दरफाळणीच्या सणाला, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाला, आजी ओटीवर उभी राहून मोजायची. मुंबईहून कोण आलं, ठाण्याहून कोण, पेणचे निघाले का. माझा भाऊ तेरा वर्षांचा झाला त्या वर्षी तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून आधी आशीर्वाद दिला नाही, आधी म्हणाली, "आता आपले दहा झाले."

ती गेली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. आमच्यात दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं असतं. मोठ्या बाई तिच्या आधीच गेल्या होत्या. त्यांची सून पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली. तिच्याकडेही तीच रीत आहे, कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मोठ्या बाई गेल्या तो आठवडाही मला आठवतो. आजी त्यांच्या दहाव्याला नदीवर गेली, लांब उभी राहिली आणि कावळा शिवेपर्यंत हलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "शिवला. काही राहिलं नव्हतं त्यांचं."

*

खारेपाटी

ताई, मी तुमच्या आजीच्या हाताखाली शिकलोय. १९७० च्या आसपास, तिसरी-चौथीत. नाव लिहीत नाही, पण तुमच्या बाबांना 'बांधावरच्या घरातला' म्हटलंत तर कळेल.

शनिवार म्हणजे आम्हाला पर्वणी. दोन वर्ग एकत्र, साठ-सत्तर पोरं, मोठ्या बाईंच्या हातात वेताची छडी, पण ती फक्त फळ्यावर आपटायला. पाढे, कविता, मग परसातल्या बोरी. मी एकदा विचारलं होतं, धाकट्या बाई शनिवारी का येत नाहीत? मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या देवाने सहा दिवस काम करून जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. म्हणून त्या पण घेतात." मी घरी येऊन आईला म्हटलं, आपला देव कधी विसावा घेतो? आई म्हणाली, आपला चार महिने झोपतो, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. सोमवारी मी हे वर्गात सांगितलं. धाकट्या बाई इतक्या हसल्या! म्हणाल्या, "मग तुमच्या देवाकडे माझी बदली करायला हवी."

शाळेत खिचडी-बिचडी काही नव्हती तेव्हा. ७२ च्या दुष्काळाची झळ आमच्याकडे कमी, पण भात महाग झालेला आणि आमच्या घरी खाणारी तोंडं नऊ. बाईंच्या डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या असायच्या, त्यातली एक कोणाच्या ना कोणाच्या हातात जायची. कोणाला दिली हे दुसऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं, कारण बऱ्याचदा ती माझ्या हातात असायची.

*

ओटीवरची

@खारेपाटी, दादा, बाबांना आत्ताच फोन केला. 'बांधावरच्या घरातला' म्हटल्याबरोबर ते तुमचं नाव घेऊन मोकळे झाले. भाकरीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजी रिकामा डबा घेऊन यायची आणि संध्याकाळी तिला सपाटून भूक लागलेली असायची, एवढंच बाबांना आठवतं.

*

जंजिरा_किनारी

आम्ही मुरुडचे, कोकणी मुसलमान. धागा वाचून अम्मीला वाचून दाखवला. माझ्या नानीची तिन्ही बाळंतपणं एका बेने इस्रायली नर्सबाईंनी केली. त्या वेळी मुरुडला रात्री डॉक्टर मिळणं मुश्कील. नर्सबाई कंदील घेऊन यायच्या. शुक्रवारी रात्री बोलावलं तर येतील का, असं नानाने भीत भीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जीव वाचवायला शब्बाथ मोडलेला चालतो, तसा हुकूमच आहे." माझी मोठी खाला (मावशी) शुक्रवारी रात्रीचीच आहे.

मलिदा आमच्याकडेही असतो, पण आमचा पोळी कुस्करून, तूप-गूळ घालून. उरसाला, फातिहाला. नर्सबाईंचा पोह्यांचा. दोघी एकमेकींना ताट पाठवायच्या. त्या आमच्याकडचं मटण खायच्या नाहीत, त्यांचं स्वतःचं कापण्याचं शास्त्र वेगळं. नानीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वड्या वेगळ्या निघायच्या. सत्तरच्या दशकात त्या इस्रायलला गेल्या. जाताना बाळंतपणाची पितळी पेटी नानीकडे ठेवून गेल्या, ती आमच्याकडे आहे.

*

तळटीप

फार सुंदर लिहिलं आहे, आणि आजींबद्दल आदर ठेवूनच एक विचारतो. बेने इस्रायल समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, मिश्र विवाहातून आलेल्यांना मशिदीत मागे बसवत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत, असं वाचलं आहे. तुमच्या आजींच्या पिढीत ते होतं का? आपण आज्यांबद्दल लिहितो तेव्हा हे बाजूला राहतं, म्हणून विचारावंसं वाटलं.

*

ओटीवरची

@तळटीप, बरं झालं विचारलंत. होतं. आजीच्या सासूबाई काळ्या इस्रायलांसाठी वेगळी भांडी ठेवायच्या. मशिदीत तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला त्यांना बोलावत नसत. शेजारच्या प्रत्येक जातीने जे केलं ते आम्हीही केलं, आणि इस्रायलमध्ये आमच्या लोकांना तोच प्रश्न विचारला गेला तेव्हा केवढा डोंगर कोसळला आमच्यावर! आजी हे दोन्ही एकत्र बोलायची. भावाची पत्रं वाचून झाली की म्हणायची, "आता कळलं, मागे बसवल्यावर कसं वाटतं ते."

पुढे माझ्या एका काकाने अशाच घरातली मुलगी पसंत केली. घरात पंधरा दिवस अबोला. आजोबाही गप्प. आजीने कुणाशी वाद घातला नाही. तिने मलिद्याचा दिवस ठरवला आणि आळीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगून आली, त्या मुलीच्या आई-वडिलांनाही. एलियाहु हनाबीच्या मलिद्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे आले. आजीने पहिलं ताट त्या मुलीच्या आईच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी बसून त्याच ताटातलं खाल्लं. लग्न तीन महिन्यांनी मशिदीत झालं. सासूबाई लग्नाला आल्या, पण जेवल्या नाहीत. हेही खरं आहे, आणि आजीनेच ते आम्हाला सांगितलेलं आहे.

*

आशदोदहून

मी इथे १९७१ पासून. लग्न होऊन आले ती थेट या गावी. मराठी लिहायची सवय मोडली आहे, नातवाने फोनवर अक्षरं काढून दिली, चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या आजी म्हणाल्या ते मला पटतं, पण माझ्या आईची गोष्ट उलटी आहे. आई मुंबईला भायखळ्याला एका चाळीत राहायची. शेजारी चांगले होते. पण गिरणीच्या भोंग्यावर चालणारी चाळ, शनिवारी सगळ्यांचा बाजार, गलका, आणि आमच्या दोन खोल्यांत शांतता पाळायची. आई म्हणायची, आपण दार लावून देव पाळतो. इथे आली तेव्हा पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी बस थांबल्या, रस्ता गप्प झाला आणि ती गॅलरीत उभी राहून रडली. म्हणाली, सगळं गाव माझ्यासोबत बसलंय. ती परत जायचं नाव काढायची नाही. माणसागणिक वेगळं असतं.

पण मैत्रिणी तिला इथे मिळाल्या नाहीत, हे खरं. हिब्रू आली नाही. भाजीवाल्याशी खुणेने. मग दिमोनाला, लोदला, आमच्या आशदोदला मराठी बायकांची भजनी-कीर्तनाची बैठक सुरू झाली. हो, आमच्यात कीर्तन असतं, मराठीत, अब्राहामाचं, योसेफाचं. १८८० च्या सुमारास आमच्याच माणसांनी हरदासांचं बघून ते सुरू केलं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इथून निघतं, आई ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, मग शेजारणीला द्यायची, मग परत मागून घ्यायची. हैफाला कार्मेल डोंगरावर एलियाहुची गुंफा आहे, तिथे आमची माणसं मलिदा घेऊन जातात. बाकीचे ज्यू विचारतात, हे पोहे कसले? आम्ही त्यांच्या हातावर ठेवतो.

आणि ताई, तुमचे काका आशदोदला म्हणता. कदाचित मी त्यांना ओळखते. सुक्कोथला, म्हणजे मांडवाच्या सणाला, झावळ्यांचा मांडव घालायला जे पुढे असायचे तेच का?

*

ओटीवरची

@आशदोदहून, तेच! मांडवाचं वेड त्यांना इथूनच लागलं. मावशी, तुमच्या आईंची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आजी आणि त्या भेटल्या असत्या तर छान भांडल्या असत्या. तुमचं मराठी उत्तम आहे, कृपा करून आणखी लिहा.

*

पोळपाट

विषय मोठा चालला आहे आणि मी पाककृती विचारते आहे, पण राहवत नाही. माझ्या ठाण्याच्या मैत्रिणीकडे नव्या वर्षाच्या सणाला गुलाबी हलवा खाल्ला होता, वड्या पाडलेला. तो काय असतो? आजी करायच्या का?

*

ओटीवरची

@पोळपाट, विचारा हो, आजीला पाककृती विचारलेली सगळ्यांत जास्त आवडायची. तो चिकाचा हलवा.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं, खाली राहतो तो घट्ट चीक. एक वाटी चिकाला आजी नारळाचं दूध पाच-सहा वाट्या घ्यायची आणि साखर दीड ते दोन वाट्या, नारळ किती गोड आहे त्यावर. सगळं गार असतानाच एकत्र करून मग आचेवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. गाईचं-म्हशीचं दूध नाही, कारण आमच्यात मटणाबरोबर दूध-तूप चालत नाही आणि सणाच्या जेवणात मटण असतंच. म्हणून आमचं सगळं गोड नारळाच्या दुधात.

नंतर ढवळत राहायचं, दोन-अडीच तास. मधे थांबायचं नाही. आजी ढवळायला बसली की घरातल्या बायकांच्या पाळ्या लागायच्या. मोठ्या बाईंची पाळी ठरलेली असायची, कडेला तेल सुटायला लागतं तेव्हाची. आजी म्हणायची, "तेल सुटलेलं मला कळत नाही, त्यांना कळतं." शनवार तेल्याच्या घरात! कडेने सुटायला लागला, चमच्याला चिकटेना झाला की ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप. रंग हवा तर थेंबभर. हल्ली बरेच जण कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात, लवकर होतो. चिकाचा वेगळाच लागतो, दाताखाली थोडा तटतटतो.

*

पोळपाट

मीठ घालायचं का?

*

ओटीवरची

चिमूटभर. ते लिहायचं राहिलं.

*

पनवेलहून_परत

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. आम्हीही बेने इस्रायली. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा माझ्या ऑफिसातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की मी ख्रिश्चन नाही. तोवर मीही कधी सांगायला गेलो नव्हतो. आता भारतभरात आपण जेमतेम चार-पाच हजार. माझ्या मुलाला मी तुमचं लिखाण वाचायला दिलं. तो पंधरा वर्षांचा आहे, हिब्रू वाचतो, पण त्याने मलिदा फक्त ठाण्याच्या हॉलमध्ये पाहिलाय. खंडाळ्याचा कातळ पाहिलेला नाही.

आजींच्या वर्षाची प्रार्थना अलिबागलाच आहे का? दहा जण झाले का?

*

ओटीवरची

अलिबागलाच, मागेन अबोथमध्ये. तारीख हिब्रू पंचांगाने येते, नक्की झाली की इथेच टाकते. आत्तापर्यंत सात पक्के : बाबा, भाऊ, पेणचे दोघे, रोह्याचे एक, ठाण्याचे दोघे. आशदोदचे धाकटे काका यायचा प्रयत्न करताहेत, पण तिकिटाचं अजून नक्की नाही, म्हणून त्यांना धरलेलं नाही.

*

पनवेलहून_परत

मग आम्ही दोघे धरा. नऊ. माझ्या चुलत्यांना विचारतो, ते कल्याणला असतात, गुडघ्याचं दुखणं आहे, पण गाडीने आणता येईल.

*

ओटीवरची

फार फार आभार. गाडीने आणणार असाल तर पेण-वडखळमार्गे लवकर निघा, सुट्टीच्या दिवशी वडखळला गाड्या अडकतात. लाँचने येणारे असतील त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रेवस धरावं, रेवसला भाऊ रिक्षा घेऊन उभा राहील. चुलत्यांना सांगा, मशिदीच्या दाराशी पायऱ्या आहेत, पण आम्ही खुर्ची ठेवू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खंडाळ्याला जाऊ, मुलाला कातळ दाखवू. पोहे मी घेऊन येते, नारळ मोठ्या बाईंच्या सुनेकडचे.

@खारेपाटी दादा, तुम्हीही या. प्रार्थनेच्या वेळी आत बसायला हरकत नाही, डोक्यावर टोपी किंवा रुमाल तेवढा हवा. जेवण आमच्याकडे ओटीवर, तांदळाची भाकरी आहे.

*

खारेपाटी

येतो. बायकोला पण आणतो. गांधी टोपी चालेल ना?

*

ओटीवरची

चालेल की. आजोबा तीच घालायचे.